रेणूंनाही पेशंट समजणारं सेंटर – सात रस्त्याजवळच्या डेटा अ‍ॅनालिसिसवाल्यांचा रिव्ह्यू

चार स्टार. पाचवा कुठं गेला ते खाली येईलच, पण घाईतल्यांसाठी आधीच सांगून टाकतो की तुमची नेहमीची नर्सिंगची नाहीतर एमएडची थिसिस असेल, दोनशे फॉर्म भरून झालेत आणि आता टेबलं, पाय चार्ट आणि एक पी व्हॅल्यू (फरक नुसता योगायोगाचा असता तर एवढा दिसण्याची शक्यता किती ते) पाहिजे एवढंच असेल, तर ते काम याच्यापेक्षा कमी पैशात करून देणारे सोलापुरात पुष्कळ आहेत, तिकडं जा. पण तुमचा डेटा म्हणजे नुसती थरथरणारी रेघ असेल आणि त्यातलं खरं किती, कचरा किती हेच कळत नसेल तर मात्र या सेंटरचे दोन जिने चढा.

मी बेंगळुरूला बायोफिजिक्समध्ये पीएचडी करतोय, घर जुळे सोलापुरात. उन्हाळ्यात घरी आलो की लॅपटॉपवरचं काम सोबत आणतो, मे महिन्यात इथं दुपारी बाहेर पडून दुसरं करणार तरी काय. ताईच्या एमडीच्या थिसिसचं काम इथं झालं होतं, तीच म्हणाली जा बे एकदा, मॅडम काम घेण्याआधी डोकं खातात पण काम पक्कं करतात. जिथं दिवसभर शुगर-बीपीची टेबलं चालतात तिथं आमच्या एकेका रेणूचं काय होणार अशी शंका होतीच, तरी गेलो.

आमचा डेटा काय असतो ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं डोक्यावरनं जाईल. आरएनएचा एक बारकासा तुकडा काचेवर चिकटवायचा, त्याला दोन ठिकाणी दोन डाय, म्हणजे चमकणारे रंग, लावायचे, एक हिरवा चमकणारा एक लाल. लेझर मारला की हिरवा जागा होतो, लाल जवळ असला तर ऊर्जा त्याच्याकडं जाते आणि तो चमकतो, लांब असला तर हिरवाच चमकत राहतो. आम्ही वापरतो त्या जोडीत अंतर ५ ते ६ नॅनोमीटर असलं की ऊर्जा निम्मी निम्मी वाटली जाते, आणि सूत्रात अंतराचा सहावा घात असल्यामुळं रेणू नॅनोमीटरभर हलला तरी फरक दिसतो. याला फ्रेट म्हणतात, एका एका जोडीवर हे पहिल्यांदा १९९६ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे रेणू मिटला की लाल, उघडला की हिरवा, ऐकायला किती सोपं वाटतं ना. पण एका रेणूकडनं प्रकाश येऊन येऊन येणार किती? कॅमेऱ्याच्या एका फ्रेममध्ये १०० फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, आले तर मोजणीतच १० ची वरखाली आहे, ती निसर्गाचीच, तिथं कुणाचं काही चालत नाही, आणि आमच्यासारखा ईएमसीसीडी, म्हणजे अगदी मंद प्रकाश पकडणारा कॅमेरा असेल तर सिग्नल वाढवता वाढवता तो नॉईज आणखी साधारण १.४ पट करून ठेवतो. वर डाय मध्येच विझतो, परत पेटतो, आणि शेवटी एकदाचा जळून जातो तो कायमचाच. या सगळ्या गोंधळातनं रेणू कधी मिटला, कधी उघडला आणि किती वेळ तसा राहिला हे काढायचं असतं.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी विचारून आलो होतो. तिथल्या भाऊंनी रेघ बघितली न बघितली आणि म्हणाले स्मूथ करून देतो की, एकदम लोण्यासारखी. आता दहा दहा फ्रेमची सरासरी काढत गेलं की रेघ छान दिसते हे मान्य, पण दोन फ्रेमपुरता मिटलेला रेणू त्यात गायब होतो आणि जी सरळ पायरी होती तिचा उतार होतो. आमचं सगळं काम त्या पायऱ्यांवरच, मग राहिलं काय.

इथं मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, हे आकडे कशातनं निघतात? मी म्हटलं फ्रेट एफिशियन्सी, म्हणजे हिरव्याची किती ऊर्जा लालकडं गेली ते. तसं नाही हो, मशीन काय मोजतं ते सांगा. मग हिरव्या चॅनलचे फोटॉन, लाल चॅनलचे फोटॉन, आजूबाजूचं बॅकग्राउंड, हिरव्यातला थोडा प्रकाश लाल चॅनलमध्ये गळतो तो, सगळं एका पाठकोऱ्या कागदावर त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे तुमची एफिशियन्सी हे गुणोत्तर आहे, लाल भागिले दोघांची बेरीज, मग बेरीज लहान झाली की हे कसंही उडणार. अगदी तेच होतं, डाय जळून गेल्यावर फ्रेटची रेघ शून्याच्या खाली आणि एकाच्या वर अशी नाचायला लागते कारण नॉईजला नॉईजनं भागणं चाललेलं असतं. गुणोत्तराची फाइल त्यांनी बाजूला सारली आणि दोन्ही चॅनलच्या मूळ फाइली आणा म्हणाल्या. मूळ म्हणजे अगदी व्हिडिओच पाहिजे का असं विचारलं तर हो, थोडे तरी. ५१२ बाय ५१२ चा कॅमेरा, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट, २००० फ्रेमचा एक व्हिडिओ म्हणजे १ जीबी, तर हार्डडिस्क घेऊन जावी लागली, पेनड्राइव्ह ते कॉम्प्युटरला लावूच देत नाहीत, व्हायरसच्या भीतीनं.

मग एक ट्रेस, म्हणजे एका रेणूच्या हिरव्या आणि लाल प्रकाशाच्या रेघा, उघडून दोघं बसलो. सुरुवातीला सगळं सरळ, लाल खाली की हिरवी वर, हिरवी खाली की लाल वर, आरशात बघितल्यासारखं, मॅडम म्हणाल्या हे खरं वाटतंय. पुढं एका जागी दोन्ही रेघा एकदम खाली बसल्या, यावर त्यांनी स्वतःच फुली मारली, दोघांचं वाटून घेणं असेल तर बेरीज का पडेल, हा हिरवा विझला असणार नाहीतर तुमचा फोकस हलला. बरोबर. पण त्याच्या पुढं जो प्रश्न आला तो आमच्या सेमिनारमध्येही कुणी इतका थेट विचारत नाही. लाल एकदम शून्यावर, हिरवी पूर्ण वर, तर यात लाल लांब गेला का लाल विझला हे तुम्ही कशावरनं ठरवता? खरं तर या एका रेघेवरनं ठरवताच येत नाही, दोन्हीत चित्र तेच दिसतं. त्यासाठी दुसरा लेझर लागतो जो थेट लाल डायलाच पेटवतो, तो मारून लाल उजळला तर जिवंत आहे, नाही उजळला तर गेला. आम्ही प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी तो मारतो हे सांगितल्यावर मॅडमचा चेहरा जरा सैल झाला आणि ज्यांचा लाल शेवटी जिवंत नव्हता त्या रेणूंची वेगळी थप्पी केली.

दुसरी मागणी त्यांची अशी की ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं एखादं सँपल द्या. माझ्याकडं हॉलिडे जंक्शनचा डेटा होता, म्हणजे चार फाट्यांचा डीएनए, तो दोन आकारांत उलटसुलट होत राहतो आणि मॅग्नेशियम वाढवलं की त्याचं उलटणं हळू होतं, हे कधीच पक्कं झालेलं आहे. त्यांनी माझ्या आरएनएला हात लावायच्या आधी हे लावून बघितलं, कमी मॅग्नेशियम, जास्त मॅग्नेशियम, वेग बरोबर त्याच दिशेनं बदलतोय ना ते बघितलं आणि मगच पुढं. यात वेळ गेला, पैसेही लागले, पण मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच.

आता मुख्य मुद्दा, तिसरी अवस्था. आमच्या आरएनएला मिटलेला आणि उघडा अशा दोन अवस्था आहेत याबद्दल वाद नाही, पण मध्ये एक तिसरी आहे असं आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना मनापासून वाटतं, कारण तिसरी निघाली की पेपर मोठा होतो, सरळ आहे. अशा डेटावर आमच्यात हिडन मार्कोव्ह मॉडेल लावतात. आत अवस्था थोड्या, बाहेर दिसतो तो नॉईज, आणि दिसणाऱ्यावरनं लपलेलं काढायचं. त्यात सगळ्यात संभाव्य वाट शोधायची जी पद्धत आहे ती विटर्बी या इंजिनिअरनं १९६७ मध्ये संदेशातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी काढली होती, रेणूंशी तिचा काही संबंध नव्हता. फ्रेटसाठी हॅमी हे सॉफ्टवेअर २००६ मध्ये आलं, व्हीबीफ्रेट २००९ मध्ये, आणि आता तर इतकी झालीत की २०२२ मध्ये अकरा प्रोग्रॅमना तोच डेटा उत्तर न सांगता देऊन परीक्षा घेतली गेली. तो पेपर मी मॅडमना पाठवला, त्यांनी तो खरंच वाचला, शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर शंका यायला लागल्या तेव्हा कळलं.

गोची अशी की अवस्थांची संख्या पुष्कळ प्रोग्रॅमना आपण सांगायची असते, आणि दोनच्या ऐवजी तीन सांगितल्या तर फिट आणखी चांगला बसतो, चार सांगितल्या तर त्याहून चांगला. म्हणून जादा अवस्थेला दंड लावतात, १९७८ सालचा बीआयसी हा निकष त्यातलाच. आमच्या डेटावर बीआयसीनं तीन सांगितलं होतं आणि लॅबमध्ये विषय तिथंच संपला होता. मॅडमनी काय केलं, कॉम्प्युटरवर खोटे रेणू तयार केले, दोनच अवस्थांचे, माझ्या डेटात जेवढा नॉईज तेवढाच घातला, फ्रेम तेवढीच, डाय जळायचा वेळही तसाच, असे ढीगभर, आणि तोच प्रोग्रॅम त्यांच्यावर सोडला. तिथंही तीन निघाल्या! म्हणजे जिथं तिसरी नाहीच हे आपल्याला शंभर टक्के माहीत आहे तिथंही बीआयसी तिसरी दाखवतोय.

कारण शोधायला त्यांच्याकडचा दादा बसला, हा पोरगा बीएस्सी स्टॅट करून आलाय आणि पायथॉन झकास लिहितो. आमची फ्रेम १०० मिलिसेकंदाची. रेणू फ्रेमच्या मधोमध मिटला तर कॅमेरा अर्धा वेळ उघडा आणि अर्धा वेळ मिटलेला बघतो आणि सरासरी काढून मधलाच कुठलातरी आकडा देतो. रेणू हळू असेल तर असे पॉइंट तुरळक असतात, पण आमचा आरएनए बऱ्यापैकी चपळ आहे, त्यामुळं मधल्या पॉइंटांची गर्दी होते आणि प्रोग्रॅमला वाटतं इथं कुणीतरी राहतंय. दादानं खोट्या डेटातनं ही सरासरी काढून टाकली, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये रेणू एकाच अवस्थेत ठेवला, तर तिसरी गायब. परत घातली तर परत हजर. मॅडम म्हणाल्या, तुमच्यात तिसरी नाही असं मी म्हणत नाही हां, या डेटावरनं आहे असं म्हणता येत नाही एवढंच, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार, फ्रेम लहान करून परत घेऊन या. सरांना फोनवर हे सांगताना मला जरा घाम फुटला पण सर मानले. फ्रेम लहान केली की फोटॉन आणखी कमी, म्हणजे नॉईज आणखी जास्त, तो भाग आहेच, ती आता आमची डोकेदुखी.

ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ती गोष्ट मात्र पुढची. रेणू एका अवस्थेत किती वेळ थांबतो ते मोजायचं असतं. आता रेणू मिटलेला आहे, वाट बघतोय कधी उघडतो, आणि तेवढ्यात डाय जळाला. हा अर्धवट राहिलेला वेळ धरायचा का सोडायचा? पुष्कळ लोक सोडतात, पूर्ण झालेलेच तुकडे घ्यायचे म्हणतात, स्वच्छ वाटतं ते. मॅडम ऐकूनच घेईनात. त्यांच्यासाठी हा रोजचा विषय, कॅन्सरच्या थिसिसमध्ये जो पेशंट दोन वर्षं ठीक होता आणि मग गाव सोडून गेला त्याला फाइलमधनं काढून टाकलं तर उरतात कोण, ज्यांचं काहीतरी झालंय तेच, मग आजार आहे त्यापेक्षा भयंकर दिसणार. कॅप्लन आणि मायर यांनी १९५८ मध्ये याच्यावर पद्धत दिली आणि ताईच्या थिसिसमध्ये तीच उतरत्या पायऱ्यांची आकृती होती. मॅडमनी माझे रेणू सरळ त्याच चौकटीत बसवले, डाय जळाला म्हणजे फॉलो-अप सुटला.

आणि हिशोब बघा किती साधा आहे. समजा मिटलेल्या अवस्थेतनं रेणू एकूण ४० वेळा बाहेर पडले आणि पूर्ण तुकड्यांची बेरीज ५० सेकंद आहे, तर वेग झाला सेकंदाला ०.८. पण अर्धवट तुकड्यांचे ३० सेकंदही रेणू मिटलेलाच होता की, तेही त्यानं वाट बघण्यातच घालवले, ते धरले तर ४० भागिले ८०, म्हणजे ०.५. डेटा तोच, आणि वेगात इतका फरक. रेणू किती वेळ थांबलाय यावर पुढचं अवलंबून नसेल, म्हणजे वेळांचं वाटप एक्स्पोनेन्शियल असेल, तर एवढा भागाकार पुरतो, नसेल तर कॅप्लन-मायरची पूर्ण आकृती काढून बघायची, ती दोन्ही त्यांनी दिली. दादानं परत खोट्या रेणूंवर चालवून दाखवलं, अर्धवट धरल्यावर घातलेलाच वेग परत मिळतो, सोडल्यावर मिळत नाही. यात नवीन असं काही नाही, आमच्या क्षेत्रातल्या जाणकारांना हे माहीत असतं, आयन चॅनलवाले, म्हणजे पेशीच्या पडद्यातली आयनांची दारं अभ्यासणारे, तर १९७६ मध्ये नेहेर आणि सकमान यांनी एका चॅनलचा करंट मोजून दाखवल्यापासून असल्याच भानगडीत आहेत. पण रोज पेशंटच्या फाइली हाताळणाऱ्या बाईंना हे न सांगता दिसावं आणि रेणूंच्या लॅबमध्ये आम्हाला ते मुद्दाम आठवावं लागावं, याची मला गंमत वाटली.

एरर बारचंही, म्हणजे उत्तर किती वरखाली असू शकतं ते दाखवणाऱ्या रेघांचंही तसंच. माझ्याकडं हजारो फ्रेम होत्या, त्या सगळ्या सुट्या धरून पी व्हॅल्यू काढली की शून्यानंतर शून्यच शून्य, छाती फुगते. मॅडम म्हणाल्या एका वर्गातली चाळीस पोरं म्हणजे चाळीस शाळा नव्हेत, एमएडवाल्यांना हेच सांगून सांगून थकले मी. फ्रेम एकमेकींना चिकटलेल्या, आणि काही रेणू मुळातच आळशी काही चपळ, म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या त्या अख्ख्या रेणूच्या, बूटस्ट्रॅप, म्हणजे आहे त्याच डेटातनं पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या काढून उत्तर किती हलतं ते बघणं, तसा केला. एरर बार चांगलेच रुंद झाले. बघायला बरे नाही वाटत, पण आहेत ते आहेत.

आता कापलेला स्टार. रिपोर्ट त्यांच्या नेहमीच्या थिसिसच्या साच्यात आला आणि साचा नीट पुसलेलाच नव्हता, त्यामुळं माझ्या आरएनएच्या रिपोर्टात पहिलं शीर्षक होतं ‘रुग्णांची सामाजिक व आर्थिक पार्श्वभूमी’ आणि खाली वयोगट-लिंग असं रिकामं टेबल. हसून हसून पोट दुखलं पण तसाच सरांना गेला असता तर? आकृत्यांमध्ये लाल-हिरवं एकत्र, ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत त्यांनी काय करायचं, हे सांगून बदलून घ्यावं लागलं. फी आधी लेखी देत नाहीत. भिंतीवर दरपत्रक आहे ते केसवर, इतक्या केसपर्यंत इतके, आणि मॅडमनी शांतपणे विचारलं, एक रेणू एक केस धरू ना? घासाघीस केल्यावर स्टुडंट म्हणून ठोक रक्कम ठरली, पण खोट्या रेणूंचं काम मध्येच वाढलं त्याचे वेगळे लावले, ते आधी बोलायला पाहिजे होतं. बसायला दोनच खुर्च्या, थिसिस सबमिशनच्या दिवसांत डॉक्टर मंडळी जिन्यापर्यंत उभी असतात आणि त्यांना प्राधान्य, आपण म्हणजे फावल्या वेळातलं काम. एसी आहे पण लाइट गेली की कॉम्प्युटरचा यूपीएस आणि पंखा एवढंच चालतं, आणि मेमध्ये दुसऱ्या मजल्यावर पत्र्याखाली काय होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको.

सॉफ्टवेअर सगळं फुकटातलं वापरतात, पायथॉन आणि आर, कोड मागितला की देतात, कॉमेंट मराठीत लिहिलेल्या असतात आणि मला ते फार आवडलं. चोरीचं सॉफ्टवेअर दिसलं नाही, हे वेगळं सांगावं लागतं ही आपल्याकडची परिस्थिती. डेटा काम झाल्यावर पुसतात का ते विचारलं तर दादानं समोर पुसून दाखवला.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, अकरानंतर गर्दी. गाडी खाली रसवंतीवाल्याला विचारून लावा. स्मूथ केलेलं, फिल्टर मारलेलं काही नेऊ नका, मूळ फाइल, फ्रेम किती मिलिसेकंदाची, आणि रिकाम्या काचेचा एखादा व्हिडिओ, ज्यात रेणू नाहीतच, एवढं सोबत ठेवा, त्या रिकाम्या व्हिडिओवरनं त्या बॅकग्राउंड काढतात. आणि फाइलींची नावं जरा सरळ ठेवा, तारीख आणि नंबर, ‘फायनल’, ‘नवीन फायनल’, ‘हेच फायनल’ असलं काही दिसलं की दादा दर फाइलला फोन करून विचारतो यातलं खरं कुठलं.